दोन्ही टोकं

सोमवारी सव्वाअकराला फोन आला :
तांबोळी ताई, सगळं ठप्प. पासबुकं छापत नाहीत,
रांग जिन्यापर्यंत गेलीय, आणि अष्टेकर साहेब
एकच काँप्युटर पुन्हा पुन्हा बंद-चालू करतायत.

मी तापकीर गल्लीत होते, कनेक्टरच्या पुडीवरून घासाघीस करत.
चालतच निघाले. शुक्रवार पेठेत गाडी लावायला
जागा शोधण्यापेक्षा पाय लवकर पोचतात.

त्या पतसंस्थेतली वायर न् वायर मी ओढलीय.
आठ तारा, चार जोड्या, जोडीजोडीला पीळ,
कारण सरळ धावणारी तार
शेजारणीचं बोलणं आपलंच समजते.
पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी,
पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी.
झोपेतून उठवून विचारा,
तेराचा पाढा चुकेन, हे नाही.

स्विच माळ्यावर, फायलींच्या गठ्ठ्यांमागे. चोवीस दारं.
एरवी त्याचे हिरवे दिवे पारावरच्या गप्पांसारखे,
एक बोलतो, दुसरा थांबतो, मधेच कुणीच नाही.
आज सगळे एकदम. दम न घेता.
तापात माणूस बरळतो तसे.

स्विच तसा शहाणा.
अनोळखी पत्त्याची चिठ्ठी आली की
एकदाच सगळ्या दारांत टाकतो : कुणाची आहे?
ज्याची असेल तो ओ देतो, बाकीचे कामाला लागतात,
आणि स्विच मनाशी ठेवतो, कोण कुठल्या दाराशी राहतं.
(आधी इथे हब होता. कानात सांगितलेलं
चौकात ओरडायचा. काढून टाकला मी.)
चिठ्ठी परगावची असेल तर राउटर,
स्वारगेटच्या चौकशी खिडकीतल्या माणसासारखा,
स्वतः कुठेच जात नाही,
पण कोल्हापूरची गाडी कुठे लागते ते सांगतो.

त्याच्या पाकिटावर आयुष्य लिहिलेलं असतं,
दर टप्प्याला एक कमी. फिरून फिरून थकलं की संपतं.
घरातल्या घरात मारलेल्या हाकेला मात्र मरण नाही.
तिला परतीची वाट सापडली तर
या दारातून गेलेली त्या दारातून आत,
स्विचला वाटतं नवीनच, पुन्हा सगळ्यांना,
एकीच्या दोन, दोघींच्या किती,
आणि शेवटी सगळे ओरडतायत
आणि पासबुक छापा एवढं साधं वाक्य
कुणालाच ऐकू जात नाही.

बोट वायरीवर ठेवून मागे मागे गेले.
सात नंबर. एकोणीस नंबर.
पिवळी केबल. एकच.

"ते मी केलं," खालून पोकळे मामा, शिडी धरलेली.
"काल माळा झाडला. एक टोक लोंबत होतं.
म्हटलं, कुणाचं तरी सुटलंय बिचारं.
शेजारी भोक मोकळं दिसलं. बसवलं."
जूनमध्ये रिटायर होतायत.
शिडी हलत होती. त्यांचे हात की माझे पाय, कळलं नाही.

एक टोक उपटलं.

लॅपटॉप मांडीवर घेऊन सर्व्हरला विचारलं : आहेस का?
आहे. एक मिलिसेकंद.
आहेस का? आहे.
चारदा विचारलं, चारदा आहे म्हणाला.
इतकं सरळ उत्तर मला घरी मिळत नाही.

खाली प्रिंटर करकरला. रांगेतून कुणीतरी,
"चला, यांची झोप झाली."

साहेबांनी रजिस्टर पुढे केलं. तारीख, वेळ, कारण.
कारणाच्या रकान्यात पेन थोडं रेंगाळलं.
लिहिलं : केबल सदोष. काढली.
मग मोकळ्या दारांवर चिकटपट्टी लावली, एकेका दारावर.

मामांनी चहा आणला. कप ठेवून तिथेच उभे.
"मग लोंबतंय ते लोंबतंच ठेवायचं का, ताई?"
"आधी दुसरं टोक कुठंय ते बघायचं."
"हां," म्हणाले, आणि वर माळ्याकडे बघत राहिले
बराच वेळ, तिथून कुणी ओ देईल असे.

चिकटपट्टीचे वीस रुपये
बिलात लावायचे राहिलेच.